थरथर थांबवणारं तीर्थ

तलासरीच्या रस्त्यालगतच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. कंपहारी महाराज गादीवर बसले होते आणि समोर बोर्डीचे चिकूवाडीवाले अण्णा आपल्या थोरल्या लेकाला, पीयूषला, धरून उभे होते. पीयूषचे हात सारखे थरथरत होते.

"बेसो बेसो, भाई," महाराज म्हणाले. "बाटली सोडलीस ना? म्हणून बाटलीतला वेताळ आज पुन्हा पिसाळलाय!"

त्यांनी डोळे फिरवले, 'ह्रीं फट्' केलं आणि कापूर-ओव्याच्या वासाचं पेलाभर तीर्थ त्याला पाजलं. थोड्या वेळात हात शांत! एकच जयजयकार झाला. अण्णांनी तर लोटांगणच घातलं.

मागे उभ्या असलेल्या पीयूषच्या धाकट्या बहिणीचा, भाविकाचा, मात्र संताप संताप होत होता. ती शाळेत विज्ञान शिकवायची. दादाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, तेव्हा घरात ती आनंदाने रडली होती. पण एक-दोन दिवसांतच दादा कापायला लागला, भिंतीवर साप दिसतात म्हणू लागला. ती म्हणाली डॉक्टर, अण्णा म्हणाले महाराज, आणि घरात चालतं अण्णांचं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हे तीर्थ, तेही उपाशीपोटी. जरा उशीर झाला की थरथर पुन्हा हजर! हे कसलं बाई भूत, घड्याळ लावून येणारं? शिवाय गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या इथून खिदळत घरी जायच्या, आणि दारूबंदीच्या गुजरातेतून भक्तांच्या गाड्या वाढतच चालल्या होत्या. एवढी भक्ती उगाच उतू जात नाही!

ती तडक पुढे झाली.

"महाराज, गुण मंत्राचा की पाण्याचा?"

"मंत्राचा, बेटा! पाण्यात काय आहे?"

"मग माझ्या बाटलीतल्या पाण्यावर मंत्र म्हणा आणि तेच दादाला पाजा."

महाराजांचा चेहरा उतरला. "देवीची परीक्षा घेतेस? वाटोळं होईल तुझं!"

"होऊ दे! माझं मी बघून घेईन."

"भाविका, गप्प बस!" अण्णा ओरडले.

"नाही बसणार, अण्णा! दादा जिवानिशी जाईल आणि आपण आरत्या ओवाळत राहू!"

तिने पेल्याच्या तळाशी उरलेलं तीर्थ आरतीच्या ताटातल्या कापसावर ओतलं आणि काडी लावली. भप्पकन निळी ज्योत उठली.

"देवी प्रकटली!" महाराज ओरडले.

पण पुढे बसलेल्या लहान्या रिक्षावाल्याने नाक फेंदारलं. "कसली देवी! ही तर पहिल्या धारेची!"

मांडवभर हशा पिकला.

"हसताय काय? ऐका," भाविका कडाडली. "मेंदूतल्या प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. दारू त्यात शिरून ते सैल करते. त्या आवरणात विकरं असतात, एन्झाइम म्हणतात ती. पेशीचा कारभार तीच चालवतात. दारू त्यांनाही मंद करते, म्हणून माणूस झिंगतो. रोज दारू मिळाली की पेशी हट्टाला पेटते. आवरण घट्ट करते, कारभार जोरात चालवते. रस्सीखेचच म्हणा ना! मग दारूने अचानक दोर सोडला, तर पेशी उताणी पडणारच. ती ही थरथर, ते साप. अशाने आकडी येते, जीवही जातो. म्हणून जुन्या पिणाऱ्याने दारू सोडायची ती डॉक्टरांच्या औषधावर. या बुवाने काय केलं? दारूच पाजली, म्हणून हात थांबले!"

पीयूष पांढराफटक पडला. "म्हणजे त्या कापूर-ओव्याच्या वासाखाली मी रोज पीतच होतो? पोरीची शपथ घेऊन?"

"तू नाही प्यायलास, दादा. तुला पाजली."

अण्णांची मान खाली गेली. मग लेकाचा दंड धरून ते म्हणाले, "लहान्या, रिक्षा काढ. डहाणूला दवाखान्यात जायचंय."

तेवढ्यात महाराजांच्या चेल्याने दुसरा पेला पुढे केला. "घेऊन टाक, भाई. नाहीतर संध्याकाळी पुन्हा येईल वेताळ."

पीयूषने पेला हिसकावला आणि मातीत उपडा केला.

"येऊ दे! आता त्याचं खरं नाव कळलंय मला." तो लोकांकडे वळला. "संध्याकाळी माझे हात पुन्हा कापतील. कापू देत, मला त्याची लाज नाही. पण कापणाऱ्या माणसाला मांडवात आणू नका, डॉक्टरकडे न्या. आणि कुणी तीर्थ दिलं तर आधी विचारा, यात काय आहे? एवढं विचारल्यावर जो शाप देतो, तो देवाचा माणूस नाही, दुकानदार आहे."