राणीसरकारांचं बोट

“मुद्दाम चुका करा आणि गप्प बसा. ती काहीतरी बोलेपर्यंत तोंडाला कुलूप!” बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी आम्हा दोघांना अगदी बजावून सांगितलं होतं.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि आमचे हे. आणि ‘ती’ म्हणजे आमची नात, राणीसरकार. वय वर्षं तीन. कान ठणठणीत, समज तर दांडगी. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. निघणार कसा? सरकारांनी बोट केलं की मी पळायची, आणि बोट करायच्या आधीच हे जाहीर करून मोकळे व्हायचे. ह्यांचा सगळा जन्म बसस्थानकावर घोषणा देण्यात गेला. हे निवृत्त झाले, घोषणा काही झाल्या नाहीत.

“कृपया लक्ष द्या! राणीसरकारांना तहान लागली आहे. पाण्याचा पेला स्वयंपाकघरातून लवकरच सुटत आहे!”

सरकार फक्त मान डोलवायच्या.

ताईंनी पहिल्याच भेटीत तिच्यापुढे घट्ट झाकणाची बरणी ठेवली. आत लाल मोटार. “आता आपण थांबू या. मागू दे तिला,” असं त्या म्हणताहेत तोवर ह्यांनी झाकण उघडलं, मोटार तिच्या हातात दिली आणि वर “गाडी आगारात दाखल!” म्हणाले. ताईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग तो कुलुपाचा मंत्र दिला. शिवाय सांगितलं, की शब्द आला रे आला, की त्याप्रमाणे लगेच वागायचं. बोललं की काम होतं, हे तिला कळलं पाहिजे.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली आणि माझ्याजवळ बसली. “आई, दिवसभर ती तुमच्यापाशी असते. तुम्ही इतकं करता, की तिला बोलायची गरजच पडत नाही हो. मला तिचा आवाज ऐकायचाय. रडण्याचा नाही, बोलण्याचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे नेम धरला, बोटाला उत्तर द्यायचं नाही. प्रार्थना होईपर्यंत रोज माझं मौन असतंच; म्हटलं, हे काय जड जाणार! पण देवापुढे गप्प बसणं निराळं. देव बोट दाखवून ओठ काढत नाही.

झालं, चुका सुरू. मी सुपाबरोबर चमच्याऐवजी कंगवा दिला. सरकारांनी केस विंचरले आणि वाटी तोंडाला लावली. मोजा तिच्या कानाला अडकवला. तिनं काढला, पायात घातला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. बिचारी आजी! हे वर्तमानपत्र उलटं धरून बसले. तिनं ते सुलटं करून दिलं. कात्री तर तिनं आमच्यापासून उशीखाली लपवली.

“अगं,” हे कुजबुजले, “आपण हिला बोलती करायला निघालो आणि ही आपल्याला सांभाळायला लागली!”

त्यात शेजारच्या वहिनी डोकावल्या. ह्यांच्या अंगात उलटा कोट, आणि मी फुलदाणीला चमच्यानं सूप भरवतेय. वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, “दोघांनाही एकदमच सुरू झालं का हो?” सरकार समोर, तोंडाला कुलूप. मी नुसती गोड हसले. त्यानं तर त्यांची खात्रीच पटली.

त्या दिवशी बागेत जायची वेळ झाली. ह्यांना बुटांचा भारी सोस. रोज पॉलिश केल्याशिवाय पाऊल घराबाहेर पडायचं नाही. चकचकीत बूट त्यांनी दोन्ही हातांत घातले आणि मोजे घालून दारात उभे राहिले. सरकारांनी बोट केलं. आम्ही ढिम्म. पुन्हा बोट, या वेळी जरा रागानं. ह्यांचा कंठ वरखाली व्हायला लागला. घोषणा अगदी ओठांवर आलेली! मी त्यांच्या कोपराला करकचून चिमटा काढला. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या, पण तोंड मिटलेलंच.

सरकारांनी कमरेवर हात ठेवले.

“पायात!”

नुकतीच कामावरून आलेली सूनबाई जिन्यातच थिजली. खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली, तिला पत्ता नाही.

“काय म्हणालात, सरकार?” ह्यांनी विचारलं. “पुन्हा म्हणा! तुम्ही म्हणाल ते करीन. शब्द दिला!” आणि ते बूट काढायला लागले.

सरकारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ध्यान पसंत पडलेलं दिसलं.

“नको. अस्सं चल.”

सूनबाई मटकन पायरीवर बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक. “ऐकलंत ना बाबा? निघा आता!”

“अगं, खाली सगळी ओळखीची माणसं बसलेली असतात,” हे केविलवाणे झाले.

“ताई काय म्हणाल्या होत्या? लगेच!” मी म्हणाले.

ह्यांनी बुटाच्या टोकानं कॉलर नीट केली. मग एक बूट नातीपुढे केला. तिनं तो बोटांनी घट्ट धरला, आणि दोघं जिना उतरू लागले.