ब्रेकच्या ॲडाप्टरला लागलेलं कुंकू

मित्रांनो, दिसायला मी एखाद्या बरणीचं झाकण. पण मी एक जुना ॲडाप्टर आहे. ब्रेकचं काम निघालं की गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर बसायचं, नवं ऑइल आत जाऊ द्यायचं आणि हवा शिरू द्यायची नाही, एवढंच माझं काम. त्यात मी एकदा असा चुकलो की अजून मान वर होत नाही.

जळकोटचे वैजनाथराव शाळेत कारकून. गाडीची कामं घरीच करायची त्यांना भारी हौस. ब्रेकमधली हवा काढायला ॲडाप्टर हवा, म्हणून ते गावोगाव फिरले. उमरग्याचा सैल निघाला, सोलापूरच्याचे आटे बारीक, तिसरा बसला पण गळायला लागला. शेवटी ते डबीचं झाकणच खिशात घालून गोरोबा मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी आपला डबा उपडा केला आणि मी त्या झाकणाच्या मापाचा निघालो.

"झाकण आधीच आणलं असतं तर एवढी गावं कशाला पालथी घातली असती, भाऊसाहेब?" मिस्त्री हसले.

तीन वर्षं मी चोख काम केलं. वैजनाथरावांच्या पत्नी अयोध्याबाई पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या, त्या माझ्याच भरवशावर. अंगणवाडीला त्या गाडीनं जाऊ लागल्या. सगळी गल्ली बघत राहायची.

मग ती खंडेनवमी आली. वैजनाथरावांनी पान्हे, पक्कड आणि मला बादलीत धुतलं, पाटावर मांडलं. मला तर आतूनसुद्धा हळदकुंकू लावलं. मी असा फुगलो की आपल्या अरुंद भोकात पाणी राहिलंय, याची मला शुद्धच नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तसाच डबीवर बसवला. नव्या ऑइलबरोबर ते पाणीही आत गेलं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल पायाखालून निघून जातं, ब्रेक लागतच नाही.

चार दिवसांनी तुळजापूरचा घाट उतरताना तसंच झालं. शेजारच्या द्वारकाबाई गाडीत होत्या. अयोध्याबाईंनी गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या मातीत घातली. एक दिवा फुटला, दोघी वाचल्या.

वैजनाथराव पोहोचले तेव्हा ब्रेक थंड होऊन पेडल परत कडक झालं होतं.

"परवाच ब्रेकचं काम केलंय म्या. तूच उगं ब्रेकवर पाय दाबून धरला असशील," ते चार माणसांत म्हणाले. "तुला न्हाय जमायचं हे."

"अवं, ती होती म्हणून मी जित्ती हाय!" द्वारकाबाई कडाडल्या. कुणी ऐकलं नाही.

अयोध्याबाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि त्या एस.टी.नं जाऊ लागल्या. मी हत्यारांच्या डब्यात पडून सगळं ऐकत होतो. मला खरं ठाऊक होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

दीड महिन्यानं वैजनाथराव स्वतः तो घाट उतरले. अर्ध्यात पेडल मऊ पडलं. ते गुपचूप घरी आले आणि त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी ऑइलची डबी उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला. तळाला लाल गाळ होता. मग मला उचलून त्यांनी माझ्या आट्यांतलं कुंकू नखानं खरवडलं.

"पूजा केली ती केली, भाऊसाहेब, पुसायचं तरी! पाणी बी गेलंय आत."

चहा घेऊन आलेल्या अयोध्याबाई दारात थांबल्या होत्या. वैजनाथरावांनी मान खाली घातली.

"चूक माझी व्हती, अयोध्या. चार माणसांत बोललो, चार माणसांतच सांगतो."

"सांगा तर. पर आधी ते हिकडं आणा."

अयोध्याबाईंनी मला कोरड्या फडक्यानं पुसलं, फुंकर मारली आणि उजेडासमोर धरून माझ्या भोकातून आरपार पाहिलं. इतकं उघडं मला कधी वाटलं नव्हतं. मग सगळं ऑइल बदललं. किल्ली त्यांनी स्वतःच खिळ्यावरून काढली.

"मी चालवते. तुमी शेजारी बसा, आन् गप बसा."

मित्रांनो, आम्हा हत्यारांना जरूर पुजा, पण कामाला लावण्याआधी आतून कोरडं करा. आणि गाडी अडली तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा डबी उघडून बघा. मी आता स्वच्छ आहे, कामही नीट करतो. पण अयोध्याबाईंचे ते दीड महिने मला परत देता येत नाहीत.