बिनओहोटीची नदी

होडीवाल्या सहदेव कॅप्टनला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरीची सहावीची राष्ट्रीय परीक्षा त्यानं अशी काही मनावर घेतली होती, की परीक्षा नक्की पोरीची की बापाची, असा प्रश्न पोमेरून नदीच्या दोन्ही काठांना पडला होता.

रोज संध्याकाळी नारळ सोलून झाले की हातपाय धुऊन तो पायरीवर बसायचा, सरावाचं पुस्तक मांडीवर उघडायचा आणि पाद्रीबाबा बायबल वाचतात तशा आवाजात प्रश्न वाचायचा. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती. त्या पानात एक बोट घालून ठेवायचं, आणि सुमिंत्रानं सांगितलेलं जुळलं की "बरोब्बर!" म्हणून असं ओरडायचं, की पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकायला लागायचं. अपूर्णांक आले की मात्र पंचाईत. मग तो बायकोकडून तव्यावरची रोटी मागून आणायचा, तिचे आठ तुकडे करायचा, तीन पोरीपुढे ठेवायचा आणि उरलेले आपल्या पोटात.

"पाच अष्टमांश कुठं गेले?" पार्बती चुलीपासून विचारायची.

"सोडवले."

"असंच सोडवत राहा. परीक्षेपर्यंत पोर हुशार होईल आणि बाप दारात मावायचा नाही."

हसायचे तिघंही. पण सहदेवच्या पोटात काय चाललंय ते पार्बतीला ठाऊक होतं. नदीवरच्या शाळेतून यंदा नऊ मुलं परीक्षेला बसणार होती. ज्यांना चांगले गुण पडतील ती किनाऱ्यावरच्या मोठ्या शाळेत जाणार, वसतिगृहात राहणार, पुढं काहीतरी होणार. उरलेली इथंच आणखी दोन वर्षं बाक झिजवणार आणि मग नारळ सोलायला लागणार. सहदेवसारखीच. नारळ सोलण्यात वाईट काही नाही हो, त्याच नारळांवर घर उभं होतं. पण स्वतः निवडून सोलणं वेगळं आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून सोलणं वेगळं.

"मला ऐन परीक्षेला ताप आला होता," असं तो एकतीस वर्षं सांगत आला होता. तो ताप खोटा होता. बायकोलाही त्यानं खरं सांगितलं नव्हतं.

परीक्षेला महिना राहिला असताना सुमिंत्रा सराव परीक्षेचा कागद घेऊन आली. सगळीकडे बरोबरच्या खुणा आणि एका ठिकाणी लाल फुली. प्रश्न असा होता: एक होडी अठरा मैल दोन तासांत जाते. त्याच वेगानं तेवढंच अंतर परत यायला तिला किती वेळ लागेल? सुमिंत्रानं लिहिलं होतं, 'ओहोटी समोरून असेल तर तीन तास. पाठीशी असेल तर दीड.'

सहदेवनं कागद दोनदा वाचला, उलटा करून पाहिला, आणि त्याचं डोकं फिरलं.

"ह्याला फुली? ह्या उत्तराला?"

"डॅडी, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय! चल होडीत बस."

नदीवरच्या शाळेतल्या मिस ओडेट राजधानी जॉर्जटाउनहून आलेल्या, सव्वीस वर्षांच्या, आणि पोमेरूनवर त्यांचं हे पहिलंच वर्ष. बाई कामाला वाघीण. शनिवारी सुटी असूनही नऊ जणांना बोलावून शिकवायची, वर त्यांना पदरचं दूध-बिस्कीट द्यायची. वर्गात पाय ठेवला आणि सहदेवचा अर्धा राग विरघळला. शिकलेल्या माणसासमोर तो नेहमीच अर्धा व्हायचा. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मिस, हे चूक कसं?"

"अंकल, तिची एकटीची नाही, नऊच्या नऊ जणांची चूक आहे," मिस हसत म्हणाल्या. "अँसेलनं विचारलंय, इंजिन कितीचं? टोरेसांच्या जुळ्यांनी लिहिलंय, आधी अमावास्या-पौर्णिमा सांगा. पेपरातल्या नदीला भरती-ओहोटी नसते हो!"

"भरती नाही, ओहोटी नाही, मग ती नदी कसली? गटार झालं ते!" सहदेवच्या तोंडून निघून गेलं. "आणि मिस, रागावू नका, पण तुमच्या जॉर्जटाउनातली गटारंसुद्धा ओहोटी बघूनच समुद्राकडचं दार उघडतात."

वर्ग खो खो हसला. मिसही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "खरं आहे. पण पेपर तपासणाऱ्याला हे सांगायला तुम्ही तिथं नसणार ना? मुलांनो, लक्षात ठेवा. नद्या दोन. एक आपली, एक पेपरातली. पेपरात पेपरातलीच."

घरी आल्यावर पार्बतीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "पोरीच्या मिसना गटार म्हणून आलास? परीक्षा होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव."

त्यानं लावलं. त्या कुलपानंच पुढं घोळ घातला.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्या मुलांच्या पेन्सिलींवर प्रार्थना झाली. पंडितजीही आपली छोटी होडी वल्हवत आले आणि त्याच पेन्सिलींना कुंकू लावून गेले. पेन्सिलींना कसला धर्म? सुमिंत्राच्या चार पेन्सिली सहदेवनं नारळाच्या कोयत्यानं तासल्या होत्या. टोकं अशी की हाताला टोचावीत. सोमवारी मिसनी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. मुलांना नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या चॅरिटी गावातल्या परीक्षा केंद्रावर त्याचीच होडी नेणार होती. चिठ्ठी शाळेच्या छापील कागदावर होती, खाली शिक्का.

'बुधवार. होडी सकाळी साडेसहाला सुटेल. अंतर अठरा मैल, वेळ दोन तास. पोचणे साडेआठ. पेपर नऊ.'

सहदेवनं चिठ्ठी पुन्हा वाचली. साडेसहा! एकतीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीतही हीच वेळ होती. तेव्हाच्या मास्तरांनी लिहिलेली, असाच शिक्का असलेली. होडी त्याच्या बापाची होती आणि त्या दिवशीही पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. पौर्णिमेच्या सुमाराला नदी पहाटे भरते आणि साडेसहाला ओहोटी अशी जोरात समुद्राकडं धावते, की वर जाणाऱ्या होडीची दमछाक होते. बापाला हे कळत नव्हतं थोडंच? पण बाप म्हणाला होता, "मास्तरांनी लिहिलंय. ते आपल्यापेक्षा जास्त शिकलेत." आणि गप्प बसला होता. होडी पोचली साडेनऊला. परीक्षेचं दार बंद झालं होतं. अकरा वर्षांचा सहदेव दारावर थापा मारत राहिला आणि आतून कुणीतरी नुसतं "शूऽऽ" म्हणालं. परत येताना बापानं त्याच्याकडं पाहिलं नाही. घराच्या धक्क्याला लागल्यावर एवढंच म्हणाला, "ताप आला होता म्हणून सांग."

आता चिठ्ठी त्याच्या हातात होती आणि तोही गप्पच होता. जाऊन सांगावं तर पुन्हा बाईंची चूक काढल्यासारखं होणार. न सांगावं तर... बघू, इंजिन जरा जास्त रेटू, असं तो मनाशी म्हणत होता. इंजिन रेटून पौर्णिमेची ओहोटी मागं हटत नाही, हे त्याला शेंबड्या पोराइतकंच चांगलं माहीत होतं. जेवताना त्याची रोटी अख्खीच्या अख्खी ताटात राहिली.

"डॅडीनं आज अपूर्णांक सोडवले नाहीत," सुमिंत्रा म्हणाली. तिनं त्याच्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी ओढून वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मिसनी पेपरातल्या नदीचं गणित केलंय!"

ओहोटीत तासाला सहा मैल. अठरा मैलांना तीन तास. साडेसहा आणि तीन, साडेनऊ. पोरीनं बोटं मोजायच्या आत हिशेब केला. "डॅडी, तू सांगितलं नाहीस?"

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी दोघं वर्गात उभे होते. सहदेव टोपीची कड फिरवत राहिला. मिस म्हणाल्या, "बोला ना, अंकल." शेवटी सुमिंत्रानंच खडू उचलला आणि फळ्यावर गणित मांडलं. मिस फळ्याकडं बघत राहिल्या. "पण इतका फरक पडेल? अर्ध्या तासाची सोय मी ठेवलीच आहे की."

तेव्हा सहदेवचं कुलूप तुटलं.

"पडतो, मिस. मला पडला." आणि त्यानं सगळं सांगितलं. मास्तरांची चिठ्ठी, बापाचं गप्प बसणं, बंद दार, तो खोटा ताप. सुमिंत्रा तोंड उघडं टाकून ऐकत होती. "माझा बाप त्या दिवशी बोलला नाही. मीही कालपासून बोललो नाही. लाज वाटते मला. तुम्ही शिकलेल्या आहात, पण ह्या नदीचं मला जास्त कळतं. पहाटे पाचला निघायचं. पाचच्या पुढं एक मिनिट नाही."

मिसनी चिठ्ठी मागून घेतली, लाल पेन काढलं आणि स्वतःच्या गणितावर टेबलाच्या कडेपर्यंत जाईल एवढी मोठी फुली मारली. खाली लिहिलं, 'शून्य.' तोवर आत आलेली बाकीची आठ मुलं ते पाहून एवढी खूश झाली, की अँसेल बाकावर उभा राहून नाचला.

बुधवारी पाचला होडी सुटली तेव्हा चंद्र अजून झाडांवर होता. पार्बतीनं सगळ्यांसाठी तळलेली पोळी आणि खारा मासा बांधून दिला होता. पहिला अर्धा तास मजेत गेला. मग उजाडलं, ओहोटी लागली, आणि नदीनं आपलं खरं रूप दाखवलं. इंजिन बोंबलत होतं, पण काठावरचं एक जांभळं घर काही केल्या मागं सरकेना. मिसनी त्या घराकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि होडीची कड घट्ट धरली.

आठ वाजायला पाच मिनिटं असताना चॅरिटीचा धक्का लागला. मिस उतरल्या, मुलांना मोजलं, आणि जाता जाता सहदेवचा दंड एवढ्या जोरात दाबला, की दुपारपर्यंत तिथं बोटं उमटली होती. मुलं तोंड धुऊन, खाऊन, एकमेकांच्या पेन्सिलींची टोकं तपासून नऊला आत गेली. दार लागलं. सहदेव बाहेर होता, पण ह्या वेळी बाहेर असण्यात त्याला सुख होतं.

दोन दिवस पेपर चालले. मुक्काम चर्चच्या हॉलमध्ये. गणिताच्या पेपरनंतर सुमिंत्रा धावत आली. "डॅडी, होडीचं गणित आलं होतं!"

"काय लिहिलंस?"

"दोन तास."

"दोनच?"

"पेपरातली नदी ना ती. बिचारीला ओहोटी नसते."

"शाबास माझी वाघीण," तो म्हणाला. त्याला खरंच फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा पेपर झाला. पोरांनी एकमेकांच्या शर्टांवर सह्या करून शर्टांची पार चिंधी केली. मिसनी हाक मारली, "कॅप्टन! निघायचं कधी?" आजवर त्या त्याला अंकलच म्हणत आल्या होत्या. चार पालक उभे होते, सगळ्यांनी ऐकलं.

"आता भरती आहे, मिस, समोरून येईल. सहाला उतार लागेल. तेव्हा."

म्हणजे हाताशी तीन तास मोकळे. सुमिंत्रानं त्याचा हात धरला. "चल, मी कुठं बसले होते ते दाखवते."

वर्ग रिकामा होता. खिडकीजवळची तिसरी रांग, डावीकडचा बाक. सहदेव दारात अडखळला. दार सताड उघडं होतं, तरी त्यानं बोटानं हळूच एकदा त्यावर टकटक केलं आणि मगच आत आला. टोपी काढली. गुडघे दुमडून, अंग चोरून कसाबसा त्या बाकावर बसला आणि दोन्ही हात पुढच्या फळीवर ठेवले. कोयत्यानं तासलेली एक पेन्सिल सुमिंत्रानं गंमत म्हणून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलली आणि नीट धरली.

मागच्या दारानं झाडूवाली बाई आत आली. एवढा मोठा माणूस बाकावर पाहून ती थबकली.

"अहो, काय करताय तिथं? परीक्षा संपली!"

"ठाऊक आहे, बाई," सहदेव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "आमची होडी जरा उशिरा पोचली."