कुंडलिककाकांचे सातवे प्रकरण

मी एक जुने पॅड आहे. परीक्षेला मुले घेऊन जातात ना, जाड फळी आणि वर लोखंडी चाप, तेच. साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझी फळी कापली गेली, तिथेच चाप ठोकला गेला आणि मी घाटकोपरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात आले.

तिथून मला संघमित्राने नेले. ती तेव्हा दहावीला होती. तिने कोपऱ्यात आपले नाव कोरले, माझ्यावर सगळे पेपर लिहिले आणि मग मला कपाटावर टाकून दिले. दहा वर्षे मी तिथे धूळ खात पडले. मित्रांनो, त्यात तिचा दोष नाही. परीक्षा संपली की पॅडचे काम संपते.

मला खाली काढले तिच्या वडिलांनी, कुंडलिककाकांनी. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चौतीस वर्षांची नोकरी संपली तेव्हा त्यांना त्यावर पुस्तक लिहायचे होते. चार वर्षे ते लिहीत होते आणि फाडत होते. शेवटी संघमित्राच वैतागली.

"पप्पा, दर शनिवारी चार वाजता मुलुंडला जायचं. श्रुतिका मॅडमकडे नाव घातलंय तुमचं."

"लिहायला काय शिकवणी लावतात?"

"लिहायला नाही, संपवायला."

श्रुतिकाताई तिशीतल्या. लोकांची अर्धवट पुस्तके पूर्ण करून घेणे हेच त्यांचे काम. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरचा कागद वाचला आणि पेन्सिल उचलली.

"काका, हे 'जीवनरूपी लिफ्ट' वगैरे नको. खरी लिफ्ट सांगा ना. कुठली बिल्डिंग, कितवा मजला, आत कोण अडकलेलं?"

मग काकांचा हात सुटला. बोरिवलीत लग्नाला निघालेली नवरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. काकांचा जोडीदार अनंत याने तिला फटीतून वेफर्सचे पाकीट दिले आणि तासभर नकला करून हसवले. असे प्रसंग एकामागून एक आले. सहा प्रकरणे माझ्या चापाखालून गेली. ताई कौतुक फार करत नसत, पण हसू आले तर लपवत नसत.

सातवे प्रकरण वाचून मात्र त्या थांबल्या. मागची पाने उलटून पाहिली.

"काका, अनंत कुठे गेला?"

"म्हणजे?"

"सहा प्रकरणं तो पानोपानी आहे. सातव्यात एकदाही नाही. वारले का ते?"

"नाही. दिंडोशीला असतो."

"मग?"

काकांनी कागद गोळा केले आणि उशीर झाल्याचे सांगून निघाले. घरी म्हणाले, "बाई नसती चौकशी करते." मला त्यांनी फ्रिजमागे सरकवले. तीन महिने मी तिथे होते. तिथल्या ओलीने माझ्या कडा फुगल्या.

एका सकाळी काकांनी मला ओढून काढले आणि एका बैठकीत अकरा पाने लिहिली. तेव्हा मला कळले.

तेवीस वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका इमारतीत अनंतकाका लिफ्टच्या टपावर उभे होते आणि कुंडलिककाका वर मशीनच्या खोलीत. खालून हाक आल्याशिवाय स्विच टाकायचा नाही, असा नियम. हाक आली नव्हती. काकांना घाई होती, त्यांनी स्विच टाकला. अनंतकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटे कप्पीत गेली. साहेबांनी विचारले तेव्हा कुंडलिककाका म्हणाले, "त्यानेच चालू कर म्हटलं." अनंतकाकांची नोकरी गेली. त्यानंतर दोघे भेटले नाहीत.

ताईंनी ती पाने दोनदा वाचली.

"हे छापायचं का, मॅडम?"

"मी कोण सांगणार? आधी त्यांना वाचून दाखवा."

दिंडोशीला अनंतकाकांनीच दार उघडले. "इलंस?" आलास का, एवढेच मालवणीत विचारले आणि बाजूला झाले.

कुंडलिककाका वाचू लागले, पण पाने उलटताना मी त्यांच्या मांडीवरून घसरू लागले. तेव्हा समोरून एका हाताने मला खालून आधार दिला. त्या हाताला तीनच बोटे होती. वाचन संपेपर्यंत तो हात हलला नाही.

"दोन चुका आहेत," अनंतकाका म्हणाले. "सोमवार नव्हता, मंगळवार होता. आणि तू हॉस्पिटलात आलेलास तेव्हा मी तुला शिव्या घातल्या, त्या कुठायत?"

"त्या कशा लिहू?"

"दिल्या तशा. लिही, मी सांगतो."

अनंतकाका शिव्या सांगत गेले आणि कुंडलिककाका उतरवून घेत गेले. अनंतकाकांच्या पत्नी, राधाकाकू, चहा ठेवून आत गेल्या. माफीचा शब्द कुणी काढल्याचे मला आठवत नाही.

निघताना अनंतकाका म्हणाले, "छाप आता. आणि माझं नाव बदलू नको रे."

पुस्तक झाले. दोनशे प्रती निघाल्या. मी आता दिंडोशीला असते. अनंतकाकांनी मला मागून घेतले, कारण त्यांनाही लिहायचे आहे. डाव्या हाताने लिहितात, दिवसाला चार-पाच ओळी होतात. पहिलीच ओळ अशी आहे : 'ती तेवीस वर्षे राधाने घर चालवले, आणि हे कुणीच लिहिलेले नाही.'

मित्रांनो, परीक्षा झाली म्हणून पॅड टाकून देऊ नका. कोरड्या जागी ठेवा, चापाला वर्षातून एकदा तेल द्या. घरातल्या कुणाला तरी अजून लिहायचे असेल, आणि त्यांना वेळ लागेल.