निळे तंतू

वर्गात शिकवताना फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत ताईचा हात पोचेना, तेव्हा तीन डॉक्टरांनी तिच्या वयाला दोष दिला आणि चौथ्याने मनाला. निदान इतके स्वस्त कधीपासून झाले, हे तिच्या धाकट्या बहिणीला कळेना. याच डॉक्टरांच्या रुग्णालयात, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी स्नायूंचे पातळ काप रंगवण्यात या बहिणीची वीस वर्षे गेली होती. अखेर ताईच्या मांडीतल्या स्नायूचा तुकडा तपासायला काढायचे ठरले. स्नायूंच्या दाहाचे दोन प्रकार संभवत होते, एक औषधाला बधणारा, दुसरा न बधणारा. कोणता, हे ताज्या, गोठवलेल्या तुकड्यावरूनच कळणार होते.

तुकडा आला तो फॉर्मालिनमध्ये, नमुने टिकवायच्या द्रवात, पोहत.

"ओल्या कापडात पाठवा, असं ठळक लिहिलं होतं," धाकटी शस्त्रक्रियागृहाच्या दारात म्हणाली.

"अहो, आमच्याकडे सगळे तुकडे फॉर्मालिनमध्येच जातात. नियम आहे," परिचारिकेने सांगितले.

"नियम जगला. पेशीत जे बघायचं होतं, ते मेलं."

पुन्हा चिरावे लागेल, हे तिने ताईला अडखळत सांगितले. ताई मात्र उशीला टेकून हसली. "दुसरी मांडी काय शोभेला ठेवलीये? पण या वेळी तू स्वतः उभी राहा. आणि दिसेल ते मला सरळ सांगायचं, घोळवायचं नाही."

या वेळी ती स्वतः तुकडा घेऊन धावली. काही मिनिटांत तो गोठला. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी तंतू तपकिरी दिसतात. ज्यांच्यातल्या ऊर्जेच्या भट्ट्या स्वतःच्याच ठिणग्यांनी जळून गेल्या, ते निळे. निळे जागोजागी होते, आणि दुसऱ्या रंगाच्या कापावर कित्येक तंतूंत लाल काठाची भोकेही. म्हणजे न बधणारा प्रकार.

"निळे किती गं?" संध्याकाळी ताईने विचारले.

"वयामुळेही थोडे..." वाक्य ओठांवर आले, आणि कोणाचे ते तिने तत्क्षणी ओळखले. तीन डॉक्टर त्यावर पोट भरत होते. तिने ते गिळले.

"खूप आहेत, ताई. औषधानं हात परत येणार नाही."



"मग सुताराला सांग, फळा हातभर खाली घे म्हणावं," ताई म्हणाली. "पोरांना काय, खालचंही वाचता येतं."

आणि केस विंचरून दे म्हणून तिने कंगवा बहिणीपुढे धरला.