घासून लख्ख केलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. वसतिगृहाच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारांपलीकडे माझी जागा. न्हाणीघरांचे, संडासांचे पाणी माझ्याकडे येते. लोक मला पाहून नाक मुरडतात, पण त्यांचेच पाणी निवळून मी बागेला देते.

माझ्या पोटात तीन कप्पे आहेत. पहिल्यात कचरा आणि जड घाण अडते. दुसऱ्यात पंप हवा सोडत राहतो. तिथल्या तपकिरी गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाण्यातली घाण खाऊन फस्त करतात. तिसऱ्यात गाळ खाली बसतो, पाणी वर राहते. खरे काम त्या जिवांचे, नाव मात्र माझे.

मी नवी होते तेव्हा माझ्या मिस्त्रींनी दुसऱ्या टाकीतला गाळ पिंपात भरून आणला आणि विरजण लावावे तसा माझ्यात सोडला. कितीतरी दिवस जपला.

"लेकरं धरली बरं का," ते बायकोला म्हणाले.

"घरात पाळणा हलला नाही, आणि इथं गोकुळ नांदतंय," ती हसून म्हणाली. यापलीकडे त्यांनी तिला काही समजावले नाही.

मिस्त्री अचानक गेले. वसतिगृहाने त्यांचे काम बायकोला दिले, पण एका अटीवर: तपासणीत पाणी चांगले निघाले तरच नोकरी आणि माझ्या शेजारची खोली तिची.

बिचारी कामाला लागली. गाडी बोलावून तिने माझा सगळा गाळ उपसून टाकला. लांब दांड्याच्या ब्रशने, ब्लीचिंग पावडर टाकून मला घासले. "ह्यांची टाकी आहे. कुणी नावं ठेवायला नकोत," ती पुटपुटत होती. मला तोंड असते तर मी हंबरडा फोडला असता.

पाणी तपासणाऱ्या बाई आल्या तेव्हा पाणी गढूळ होते, वासही येत होता. त्यांनी झाकण उघडून पाहिले.

"वहिनी, गाळ कुठं गेला?"

"काढला की सगळा. घाण होती ती."

"अहो, तीच तर काम करत होती."

ती वाकून माझ्या पोटात पाहू लागली. "म्हणजे ह्यांची लेकरं..." एवढेच म्हणाली.

खोली रिकामी करून ती गेली. आता माझ्यात दुसऱ्याने आणलेला गाळ आहे आणि पाणी पुन्हा स्वच्छ निघते. तरी मला तिची फार आठवण येते. तिच्याइतके मनापासून मला कुणी घासले नाही.

मित्रांनो, काम शिकवताना काय करायचे ते सगळे सांगतात. कशाला हात लावायचा नाही, ते सांगायचे राहून जाते. तुमच्यामागे जे कोणी येईल त्याला तेवढे सांगून ठेवा. तिला कुणी सांगितले असते, तर ती आज इथेच असती.