सात फूट सहा इंच

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पंचांनी माझ्या आडव्या दांड्याला टेप लावली. सात फूट सहा इंच. नियम आठ फुटांचा आहे. आठ पंचवीसला त्यांनी सामना रद्द केला आणि मैदान आमचं असल्यामुळे विजय ठाण्याच्या संघाला दिला. आमच्या अकरा मुली बूट बांधून उभ्या होत्या. एकीचाही पाय चेंडूला लागला नव्हता.

मित्रांनो, मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या मैदानावरचा जुना गोलपोस्ट आहे. मी बुटका जन्मलो नाही. बावीस वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये चांगदेव नावाच्या वेल्डरनं मला जोडलं. जोडण्याआधी त्यानं दोनदा मापलं, रोवल्यावर तिसऱ्यांदा. तिथल्या कारखान्यांकडून येणाऱ्या हवेनं माझा पांढरा रंग दर वर्षी पिवळा पडला, पण उंची इंचभरही ढळली नाही.

यंदाचा मोसम मुलींचा होता. गोलकीपर संचिता खडवलीहून पहाटेची गाडी धरून सहाला मैदानात यायची. तिचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. सरावाआधी ती उडी मारून माझ्या दांड्याला बोटं लावायची आणि म्हणायची, "काय काका, जागे आहात ना?" पाच सामन्यांत तिनं एकच गोल होऊ दिला. कॉलेज पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेलं. गेटवर अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर प्राचार्यांचा फोटो मोठा होता, मुलींचा लहान.

उपांत्य सामन्याच्या महिनाभर आधी मैदान खाद्यमहोत्सवासाठी दिलं गेलं. मंडपवाल्या पोपटशेठनं मला उपटून कुंपणाला टेकवलं. चार दिवस माझ्यावर ओले गालिचे वाळत होते. महोत्सव उठल्यावर मला परत रोवलं. उकरताना खड्डा जास्त खोल गेला होता. "हलता कामा नये," एवढीच सूचना होती, म्हणून पोपटशेठनं वरून भरपूर काँक्रीट ओतलं. टेप कोणीच आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संचितानं उडी मारली आणि तिचं मनगट दांड्यावर आपटलं. ती तशीच क्रीडाप्रमुख गुरुदत्त सरांकडे गेली.

"सर, पोस्ट खाली गेलाय."

"अगं, बरंच की! तुझंच काम हलकं झालं."

"सर, पंच मोजतात."

"कोण मोजतंय इथे? तू सराव बघ."

तिनं लेखी अर्ज दिला आणि प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घेतला. त्यानंतर अठरा दिवस गेले. मला नीट लावायला चार पुरले असते.

सामना गेल्यावर सरांनी विद्यापीठाला लिहून कळवलं: "मुली दांड्याला वारंवार लटकतात, त्यामुळे पोस्ट खचला. याची पूर्वकल्पना कोणीही दिली नव्हती."

लटकतात! बावीस वर्षं मी पावसात, उन्हात, अंगावर आदळणारे चेंडू झेलत उभा आहे. एका मुलीच्या चार बोटांनी खचलो? माझ्या पायाशी काँक्रीट अखंड आहे, एक चीर नाही. ज्याला डोळे आहेत त्याला ते दिसेल.

संचितानं शिक्क्याची प्रत विद्यापीठाला पाठवली. शुक्रवारी त्यांची माणसं पाहणीला येणार आहेत. चूक मुलींची नाही असं ठरलं, तरच सामना दुसऱ्या मैदानावर होईल.

आज गुरुवार. दुपारी साडेतीनला पोपटशेठ ड्रिल घेऊन आला. संचिता आडवी आली.

"ताई, बाजूला व्हा. सरांनी आजच काढायला सांगितलंय."

"अठरा दिवस कुठे होतात शेठ? उद्या बघून जाऊ देत त्यांना, मग काढा."

"अहो, मी काय करू? मला वरून फोन आलाय."

"मग वरच्यांना खाली बोलवा."

मित्रांनो, अठरा दिवस मला आठ फूट व्हायचं होतं, तेव्हा कोणी आलं नाही. आज मला असंच बुटकं राहायचं आहे. तुमच्या शाळेत, मैदानात एखादी वस्तू बिघडलेली दिसली तर सांगा. आणि कोणी सांगायला आलं, तर हसण्याआधी एकदा टेप लावा.

चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. संचिता माझ्या डाव्या खांबाला पाठ लावून उभी आहे. ड्रिलची वायर कार्यालयाच्या खिडकीतून आली आहे. बटण अजून दाबलेलं नाही. गुरुदत्त सरांचा फोन लागत नाही.